नम्रता, अहंकार आणि नीलकंठशास्त्री गोऱ्हे : एक चरित्रात्मक आलेख

१. प्रास्ताविक

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती व्यक्तींचा अभ्यास आपल्याकडे प्रामुख्याने बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड ना. वा. टिळक या तीन नावांभोवती झाला आहे. या तिघांच्याही आधी बाप्तिस्मा घेतलेले नीलकंठशास्त्री ऊर्फ फादर नहेम्या गोऱ्हे (१८२५–१८९५) यांचा उल्लेख मात्र बहुधा रमाबाईंच्या चरित्रातील एक दुय्यम पात्र म्हणून येतो. त्यांचे महत्त्वाचे लेखन संस्कृत, हिंदी आणि इंग्रजी या भाषांत आहे, आणि त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग काशी, कलकत्ता आणि इंग्लंड येथे गेला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना स्वतंत्र प्रकरण मिळाले नाही याचे हे एक कारण असावे. तथापि चांदा (आजचे चंद्रपूर) येथील स्कॉटिश एपिस्कोपल मिशनच्या अगदी आरंभीच्या कार्यकर्त्यांत त्यांची गणना होते. विदर्भातील अभ्यासकांना त्यांच्याकडे वळण्यास एवढा धागाही पुरेसा आहे.

प्रस्तुत लेखात गोऱ्ह्यांचे समग्र चरित्र सांगण्याचा उद्देश नाही. ख्रिस्ती जीवनातील नम्रता आणि अहंकार या द्वंद्वाच्या अनुषंगाने त्यांच्या आयुष्यातील काही टप्पे तपासावेत, एवढीच येथे मर्यादा आहे. गोऱ्ह्यांविषयी ज्यांनी ज्यांनी लिहिले त्या जवळजवळ सर्वांनी त्यांच्या नम्रतेचा निर्वाळा दिला आहे. हा निर्वाळा तपासून न पाहता स्वीकारावा काय, आणि 'नम्रता' या एका शब्दाखाली किती वेगवेगळ्या वृत्ती एकत्र केल्या जातात, हा येथील प्रश्न आहे.

२. संकल्पनेचे दोन प्रवाह

मराठी वाचकाला नम्रतेची चर्चा अपरिचित नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना अमानित्व आणि अदंभित्व यांना अग्रस्थान दिले आहे, आणि ज्ञानेश्वरांनी या लक्षणांचे विवेचन विलक्षण विस्ताराने केले आहे. येथे मानाची अपेक्षा नसणे हे ज्ञानाचे अंग मानले आहे. वारकरी संतांच्या अभंगांतील दैन्य आणि लहानपणाची आस ही त्याच प्रवाहाची भक्तीकडे वळलेली शाखा होय.

ख्रिस्ती परंपरेत नम्रतेचे अधिष्ठान काहीसे वेगळे आहे. तेथे मनुष्य हा निर्मिलेला आहे, निर्माता नाही, या जाणिवेतून नम्रता उद्भवते. आणि ख्रिस्ताने स्वतःला रिक्त करून दासाचे रूप घेतले, हा फिलिप्पैकरांस पत्रातील विचार तिचा आदर्श ठरतो. संत ऑगस्टीनने अहंकाराला पापाचे मूळ मानले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठनियमांच्या सातव्या अध्यायात नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या. बाराव्या शतकात क्लेर्व्होच्या बर्नार्डने त्या पायऱ्यांच्या जोडीला अहंकाराच्याही बारा पायऱ्या दाखविल्या. या परंपरेतील विचारवंतांनी आणखी एक धोका ओळखला होता. मनुष्य आपल्या नम्रतेचाही अभिमान बाळगू शकतो, आणि स्वतःच्या दोषांचे अखंड निरीक्षण हे स्वतःभोवतीच फिरत राहण्याचे एक रूप होऊ शकते.

या दोन प्रवाहांपैकी पहिल्यात जन्मलेला आणि दुसऱ्यात स्वेच्छेने गेलेला पंडित म्हणून गोऱ्ह्यांचे चरित्र लक्षणीय ठरते.

३. काशीचा तरुण पंडित

नीलकंठ गोऱ्हे यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी बुंदेलखंडात, झाशीजवळील काशीपुरा या गावी एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. पेशवाईच्या विस्ताराबरोबर उत्तरेत गेलेल्या घराण्यांपैकी हे एक. बांद्याच्या नबाबाच्या दरबाराशी या घराण्याचा संबंध होता, आणि पुढे कुटुंब काशीस स्थायिक झाले. काशीतील दक्षिणी ब्राह्मणांच्या वस्तीत घरची भाषा मराठी, विद्येची भाषा संस्कृत आणि बाजाराची भाषा हिंदी असे त्रैभाषिक वातावरण असे. नीलकंठाचे न्याय, व्याकरण आणि वेदान्ताचे अध्ययन याच वातावरणात झाले.

१८३९ साली जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या नागरी सेवेतील संस्कृतज्ञाने 'मतपरीक्षा' हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध करून हिंदू शास्त्रांवर आक्षेप घेतले. त्याला तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरे दिली. त्यांतील शेवटचे उत्तर म्हणजे १८४४–४५ च्या सुमारास रचलेला नीलकंठ गोऱ्ह्यांचा 'शास्त्रतत्त्वविनिर्णय'. ग्रंथकर्त्याचे वय त्या वेळी अवघे वीस वर्षांचे होते. जगातील दुःखाची विषम वाटणी कर्म आणि पुनर्जन्म मानल्याशिवाय सुसंगत होत नाही. एका जन्मातील अपराधासाठी अनंतकाळ नरक सांगणारे मत ईश्वराच्या न्यायाला बाध आणते. आणि धर्माच्या विषयात तर्काला शास्त्राच्या अंकित राहावे लागते, अशा स्वरूपाची त्याची भूमिका होती. पूर्वपक्ष नेमका मांडावा, त्याला पूर्ण वाव द्यावा आणि नंतरच त्याचे खंडन करावे, ही शास्त्रीय वादाची शिस्त या ग्रंथात दिसते. गोऱ्ह्यांच्या पुढील आयुष्याची किल्ली याच शिस्तीत आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ यांच्याशी गोऱ्ह्यांची गाठ पडली ती त्यांना वादात निरुत्तर करण्याच्या हेतूने. विद्येचा अभिमान हा त्या भेटीमागचा उघड प्रेरक होता. परंतु प्रतिपक्षाचे खंडन करायचे तर त्याचे ग्रंथ वाचले पाहिजेत, या पंडिती नियमाने त्यांना शुभवर्तमानांपर्यंत नेले, आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. त्या प्रवचनाचा आरंभच आत्म्याने दीन असलेल्यांना धन्य म्हणून होतो, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. पूर्वपक्ष म्हणून उघडलेला ग्रंथ त्यांच्यासाठी हळूहळू सिद्धान्तपक्ष झाला.

येथे नम्रतेचा पहिला आणि, आमच्या मते, सर्वांत निर्मळ अर्थ प्रकट होतो. आपले मत चुकीचे ठरू शकते हे मान्य करून प्रतिपक्षाला खरोखर ऐकणे, आणि पटल्यावर स्वतःच्या ग्रंथाच्या विरुद्ध उभे राहणे, हा तो अर्थ. ज्याने विसाव्या वर्षी स्वधर्माच्या समर्थनार्थ संस्कृत ग्रंथ लिहिला त्याने तेविसाव्या वर्षी तो पक्ष सोडावा, यात प्रतिष्ठेचा केवढा त्याग होता हे काशीच्या विद्वत्सभेचे स्वरूप जाणणाऱ्यास सांगावयास नको. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. काशीतील गहजब टाळण्यासाठी हे दुसरे गाव निवडण्यात आले होते. नहेम्या हे नाव त्यांनी त्या वेळी धारण केले.

४. त्यागाची किंमत

बाप्तिस्म्यानंतर घर तुटले. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या आणि त्यांनीही बाप्तिस्मा घेतला; परंतु १८५३ च्या सप्टेंबरमध्ये कन्येच्या जन्मानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. एलन लक्ष्मी ही ती कन्या. तिचा सांभाळ प्रथम एका युरोपीय कुटुंबाने केला. १८५७ च्या उठावात त्या कुटुंबाची आर्थिक स्थिती कोसळल्यावर स्टॉर्स या पाद्री कुटुंबाने तिला इंग्लंडात नेऊन वाढविले. ती १८८० साली भारतात परतली आणि पुढे इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री म्हणून प्रसिद्धीस आली. 'फ्रॉम इंडियाज कोरल स्ट्रँड' हा तिचा संग्रह १८८३ साली निघाला. मराठी पंडिताची ही मुलगी वाढली ती इंग्रजी बोलत.

चरित्रकारांनी या घटनेकडे वडिलांच्या वैराग्याच्या बाजूने पाहिले आहे. परंतु वैराग्याची किंमत नेहमी वैरागीच देतो असे नाही. आपण मुलीचे संगोपन करण्यास अपात्र आहोत असे मानणे ही नम्रता म्हणावी, की जबाबदारीतून मोकळे होण्याचा एक सोज्ज्वळ मार्ग म्हणावा? विधुर पुरुषाने तान्हे मूल दुसऱ्या घरी सोपविणे त्या काळी अपवादात्मक नव्हते, हे खरे. तरीही स्वतःला कमी लेखणारा मनुष्य इतरांवर आपले ओझे टाकतो, ही शक्यता नम्रतेच्या कोणत्याही प्रामाणिक विवेचनात नोंदवली पाहिजे.

१८५४ साली महाराजा दुलीपसिंह यांच्याबरोबर त्यांचे पंडित म्हणून गोऱ्हे इंग्लंडास गेले. राजघराण्याशी भेटी झाल्या, इस्लिंग्टन येथील मिशनरी महाविद्यालयात काही काळ अध्ययन झाले. याच वास्तव्यात ऑक्सफर्ड येथे माक्स म्यूलर यांच्याशी त्यांचा परिचय झाला. म्यूलरांनी आपल्या भारतीय मित्रांच्या आठवणींत गोऱ्ह्यांवर लिहिले आहे. त्यावरून असे दिसते की, लंडनमध्ये जे पाहिले त्याने हा नवख्रिस्ती पंडित अत्यंत खिन्न झाला होता. ज्या देशाने धर्म पाठविला त्या देशात तो धर्म आचरणात दिसेल ही त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याला संपत्तीची आणि सत्तेची घमेंड दिसली. राजदरबारी वावरण्याचा मान मिळूनही तो त्यांना भुलवू शकला नाही, आणि निराशा होऊनही श्रद्धा सुटली नाही. १८५५ साली ते मायदेशी परतले.

५. 'षड्दर्शन दर्पण' : विद्या कोणाच्या सेवेत?

१८६० साली गोऱ्ह्यांचा 'षड्दर्शन दर्पण' हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. फिट्झएडवर्ड हॉल यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८६२ साली कलकत्त्यास निघाले आणि युरोपीय विद्वानांत त्याची दखल घेतली गेली. सांख्य, न्याय-वैशेषिक आणि विशेषतः वेदान्त यांची चिकित्सा करणारा हा ग्रंथ शैलीने पंडिती आहे. पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक या तीन सत्तांच्या कल्पनेवरील त्यातील चर्चा आजही अभ्यासकाने वाचावी अशी आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या ग्रंथाचे महत्त्व असे की, वेदान्तावरील गोऱ्ह्यांच्या मुख्य आक्षेपाचा अहंकाराच्या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. जीव आणि ब्रह्म यांचे ऐक्य अंतिम मानले तर उपास्य-उपासक भाव व्यवहारापुरता उरतो, आणि पाप व क्षमा यांनाही अंतिम अर्थ राहत नाही. निर्मिलेल्याने स्वतःस निर्मात्याशी एकरूप म्हणणे गोऱ्ह्यांना मान्य नव्हते. अद्वैती पंडित यावर असे उत्तर देईल की, 'अहं'चा निरास हेच अद्वैताचे प्रयोजन असून ज्या 'मी'चे ब्रह्माशी ऐक्य सांगितले तो अहंकाराचा 'मी' नव्हेच. ज्ञानेश्वरांनी ज्ञानाच्या लक्षणांत अमानित्वाला दिलेले स्थान हाच त्याचा पुरावा. गोऱ्ह्यांच्या ग्रंथात या बाजूला पुरेसा न्याय मिळाला आहे असे वाटत नाही. दर्शनग्रंथांचे पृथक्करण करताना भक्तिपरंपरेत त्या दर्शनाचे काय झाले, याकडे त्यांचे लक्ष कमी गेले. आपल्याच मातृभाषेतील संतांच्या साक्षीने त्यांच्या युक्तिवादाला वेगळे वळण लागले असते.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८४४ च्या सुमारास शाश्वत नरकाच्या कल्पनेवर ज्या तरुणाने आघात केला त्यालाच १८६८ साली त्या सिद्धान्तावरील आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका लिहावी लागली. स्वतःचा जुना आक्षेप त्यांनी विसरल्याचा बहाणा केला नाही. तो त्यांना आयुष्यभर छळत राहिला. मत बदललेला मनुष्य बहुधा जुन्या मताचा उपहास करू लागतो. गोऱ्हे पूर्वपक्षाला अखेरपर्यंत जिवंत ठेवत राहिले.

६. चांदा

१८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गोऱ्हे अँग्लिकन पंथातील उच्चचर्च विचारसरणीकडे झुकले. कलकत्त्याचे बिशप रॉबर्ट मिलमन यांच्या हस्ते १८६८ साली ते डीकन झाले आणि १८७० साली त्यांना पुरोहितदीक्षा मिळाली. बाप्तिस्म्यानंतर दीक्षेपर्यंत वीस वर्षे जावीत, हे त्यांच्या विद्वत्तेच्या मानाने आश्चर्यकारक आहे. याच सुमारास मिलमन यांच्या प्रोत्साहनाने स्कॉटिश एपिस्कोपल चर्चने चांदा येथे मिशन सुरू केले, आणि १८७० नंतरच्या काही वर्षांत गोऱ्ह्यांनी तेथे काम केले.

त्या काळचा चांदा जिल्हा म्हणजे १८६१ साली स्थापन झालेल्या मध्य प्रांताचा दक्षिणेकडील अरण्यमय भाग. वैनगंगेच्या पूर्वेचा आणि दक्षिणेकडचा मोठा प्रदेश त्यात मोडे. १९८२ साली स्वतंत्र झालेला गडचिरोली जिल्हा त्यातूनच निघाला. गोंड राजांचा तट, महाकालीचे देऊळ आणि इरई-झरपटीचा काठ असलेले चांदा शहर हे या प्रदेशाचे जुने केंद्र. रेल्वे १८६७ साली नागपुरास पोहोचली होती. चांद्यास येण्यास तिला त्यानंतरही कित्येक वर्षे लागली. शहरात मराठी आणि तेलुगू, तर सागवान-बांबूच्या रानात गोंडी आणि माडिया बोलल्या जात. काशी, कलकत्ता आणि ऑक्सफर्ड पाहिलेल्या पंडिताला येथे षड्दर्शनांवर वाद करण्यासाठी प्रतिपक्षच नव्हता.

या नेमणुकीचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. जेथे विद्येला बाजारभाव नाही तेथे जाणे, हा एक अर्थ. ख्रिस्ती संन्याशाच्या दृष्टीने ही नम्रतेची खरी कसोटी होय, कारण अहंकाराला खाद्य पुरविणारा श्रोताच येथे नाही. दुसरा अर्थ अधिक अडचणीचा आहे. देशातील सर्वांत समर्थ ख्रिस्ती नैयायिकाला त्याच्या विद्येशी संबंध नसलेल्या ठाण्यावर पाठविणे, ही चर्चच्या व्यवस्थेची देशी विद्वत्तेविषयीची अनास्था म्हणता येईल. आणि तिला विरोध न करणे ही नम्रता असली तरी त्या नम्रतेचा लाभ व्यवस्थेला झाला. दोन्ही अर्थ एकमेकांना खोडत नाहीत. धर्मांतरितांच्या संख्येने मोजावे असे गोऱ्ह्यांचे कार्य कोठेच नव्हते, आणि मोठी सामुदायिक धर्मांतरे त्यांच्या नावावर नाहीत.

चांदा मिशनचा पुढील इतिहास अलेक्झांडर वुड यांच्या नावाशी निगडित झाला. ते पुढे, १९२६ ते १९३६ या काळात, नागपूरचे बिशप होते. नागपूरचे पहिले बिशप एअर चॅटर्टन यांनी १९१६ साली गोंडवनावर ग्रंथ लिहिला. या प्रदेशाविषयीचे ख्रिस्ती लेखन बहुतांशी असे युरोपीय धर्माधिकाऱ्यांच्या हातचे आहे. त्यात येथील गोंड-माडिया श्रोत्यांचा आवाज जवळजवळ नाहीच. आपल्या नम्रतेविषयी ज्यांचे मत सर्वांत मोलाचे ठरले असते, ते लोक कागदावर आले नाहीत.

७. अखेरपर्यंत उमेदवार

१८६६ साली रिचर्ड म्यू बेन्सन यांनी ऑक्सफर्डजवळ काउली येथे स्थापन केलेल्या संत योहानाच्या संन्यासी संघाकडे गोऱ्हे ओढले गेले. या संघाचे फादर ओनील १८७४ साली भारतात आले होते. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन भारतीय पद्धतीने राहणारा संन्यासी ही कल्पना गोऱ्ह्यांच्या मनाला मानवली. १८७६ साली ते पुन्हा इंग्लंडास गेले आणि संघात उमेदवार म्हणून राहिले. परंतु अंतिम व्रत त्यांनी कधीच घेतले नाही. मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे वीस वर्षे, ते उमेदवारच राहिले.

या एका तपशिलात त्यांच्या नम्रतेचे सर्व गुंते सापडतात. व्रताला आपण पात्र नाही, आपल्या श्रद्धेत शंका शिल्लक आहेत, आणि शंका असताना आजीवन शपथ घेणे म्हणजे खोटी साक्ष देणे होईल, अशी त्यांची विवेकबुद्धी होती. पूर्वपक्ष पूर्णपणे निरस्त झाल्याशिवाय सिद्धान्त मांडू नये, हा काशीत शिकलेला नियम त्यांनी आता स्वतःच्या अंतःकरणाला लावला. दुसऱ्याशी वाद करताना हा नियम पंडिताला न्यायी बनवितो. स्वतःशीच वाद सुरू झाला की त्याला अंत राहत नाही, कारण प्रतिपक्षही आपणच असतो.

ख्रिस्ती अध्यात्मविचारात अशा अतिसूक्ष्म शंकाकुलतेला दोष मानले आहे. क्षमेवर विश्वास ठेवण्याऐवजी स्वतःच्या अपात्रतेवर अधिक विश्वास ठेवणे, हे त्या दोषाचे मर्म. ईश्वर स्वीकारतो असे सांगितले असतानाही आपण स्वीकारण्याजोगे नाही असे ठरविणे म्हणजे ईश्वराच्या निर्णयापेक्षा आपला निर्णय श्रेष्ठ मानणे. आणि येथे नम्रतेच्या पोटात अहंकाराचा अंकुर दिसतो. गोऱ्ह्यांच्या बाबतीत हा आरोप पूर्णपणे फेटाळता येत नाही. मात्र त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, त्यांनी आपल्या शंकांचे प्रदर्शन केले नाही, त्यांच्या आधारे कर्तव्यातून सुटका मागितली नाही, आणि उमेदवाराचे कनिष्ठ स्थान पत्करून त्यांनी सेवा चालू ठेवली. शंका बाळगूनही काम न सोडणे ही त्यांची पुंजी होती.

८. रमाबाईंच्या संदर्भात

नम्रतेचा आणखी एक अर्थ गोऱ्ह्यांच्या शेजारी पंडिता रमाबाईंना उभे केले म्हणजे स्पष्ट होतो. गोऱ्ह्यांनी १८७५ च्या सुमारास मुंबई-पुण्याच्या ब्राह्मो आणि प्रार्थनासमाजी मंडळींना उद्देशून व्याख्याने दिली होती. १८८२ साली रमाबाई पुण्यास आल्यावर या दोघांचा परिचय झाला. दोघेही चित्पावन, दोघेही महाराष्ट्राबाहेर वाढलेले, दोघेही संस्कृताचे गाढे व्यासंगी. रमाबाई १८८३ साली इंग्लंडास गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. गोऱ्ह्यांच्या लेखनाने आपल्या बुद्धीला कौल मिळाला हे त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयी रमाबाईंना शंका वाटू लागल्या तेव्हा गोऱ्ह्यांनी त्यांना पत्ररूपाने दीर्घ विवेचन लिहिले, आणि ते १८८७ साली प्रसिद्ध झाले.

वाँटेजच्या भगिनी जेराल्डिन यांच्याशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला तो १९७७ साली ग्रंथरूपाने उपलब्ध झाला आहे. आपल्या विवेकाला पटल्याशिवाय सिद्धान्त न मानणाऱ्या, क्रुसावरील शब्द लॅटिनऐवजी संस्कृतात का नसावेत असे विचारणाऱ्या रमाबाईंवर त्यात अहंकाराचा ठपका पुनःपुन्हा ठेवलेला आढळतो. येथे नम्रता म्हणजे आज्ञाधारकता असे समीकरण मांडले गेले आहे, आणि ते प्रामुख्याने देशी धर्मांतरितांना लावले गेले. ज्या प्रश्नांबद्दल युरोपीय धर्मशास्त्रज्ञाला चिकित्सक म्हटले गेले असते तेच प्रश्न एका हिंदी विधवेने विचारले म्हणून तिला गर्विष्ठ म्हणण्यात आले. रमाबाईंनी ही व्याख्या नाकारली. पुढे १९१७ साली ना. वा. टिळकांनी अमेरिकन मिशनचे पगारी काम सोडून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्यांसाठी 'देवाचा दरबार' उभा केला, तोही याच नकाराचा दुसरा आविष्कार म्हणता येईल.

गोऱ्हे मात्र चर्चच्या अधिकाराला शरण गेले. विशेष म्हणजे रमाबाईंच्या शंकांना त्यांनी गर्व म्हटले नाही, आज्ञेचा धाक घातला नाही. पंडिताने पंडितेस द्यावे तसे प्रमाणयुक्त उत्तर दिले. स्वतःसाठी त्यांनी शरणागती निवडली. दुसऱ्याकडून मात्र ती मागितली नाही. नम्रता हा स्वतःवर लावायचा नियम आहे, दुसऱ्यावर लावायचा नव्हे, हे त्यांनी आचरणाने दाखविले. त्यांच्या नम्रतेचा हाच सर्वांत विश्वसनीय पुरावा होय.

९. चरित्रलेखनाविषयी थोडेसे

१८९५ च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबई येथे गोऱ्ह्यांचे निधन झाले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० साली, काउली संघातीलच सी. ई. गार्डनर यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले. पुढील बहुतेक लेखनाचा आधार तेच आहे. ते आदराने आणि परिश्रमपूर्वक लिहिलेले आहे; परंतु ते इंग्रज ख्रिस्ती वाचकासाठी लिहिलेले आहे, हे विसरता कामा नये. साम्राज्याच्या भर काळात देशी ख्रिस्ती मनुष्यात पाहावयास आवडणारा गुण नम्रता हाच होता. त्यामुळे चरित्रात शास्त्रार्थ करणारा, आक्षेप जिवंत ठेवणारा, लंडनच्या ऐश्वर्याने विटलेला पंडित काहीसा मागे सरतो आणि विनयशील संत पुढे येतो. १९५१ साली उज्जैन येथून स. ल. कात्रे यांनी संपादित केलेला 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' आणि १९८१ साली रिचर्ड फॉक्स यंग यांनी केलेला म्यूरविषयक वादाचा अभ्यास यांमुळे हे चित्र दुरुस्त करण्याची सामग्री आता हाताशी आहे. गोऱ्ह्यांचे संस्कृत आणि ख्रिस्तोत्तर लेखन एकत्र ठेवून वाचणे हे मराठीतील संशोधकाचे काम आहे. कारण या दोन लेखनांच्या मध्ये जो मनुष्य उभा आहे त्याची घरची भाषा मराठी होती.

१०. समारोप

गोऱ्ह्यांच्या आयुष्यात नम्रतेचे तीन प्रकार एकमेकांत मिसळलेले दिसतात. पहिला, प्रतिपक्षाला ऐकून आपले मत सोडण्याची तयारी. तो त्यांच्यात निःसंशय होता आणि तो त्यांना काशीच्या शास्त्रपरंपरेकडून मिळाला होता. दुसरा, अधिकारापुढे वाकणे. तो त्यांनी स्वीकारला, परंतु त्याचा लाभ कोणाला झाला हा प्रश्न चांद्याच्या संदर्भात शिल्लक राहतो. तिसरा, स्वतःविषयीची अखंड साशंकता. तिने त्यांना आयुष्यभर व्रताच्या उंबरठ्यावर उभे केले, आणि आत्मनिरीक्षण कोठे संपते व आत्मकेंद्रितता कोठे सुरू होते ही सीमा अस्पष्ट केली.

बाप्तिस्म्याच्या वेळी अहंकार गळून पडला आणि नम्रता आली, असे सरळ चित्र यातून निघत नाही. पंडिताची जी तीक्ष्ण बुद्धी पूर्वी म्यूरच्या आक्षेपांवर चालली तीच पुढे षड्दर्शनांवर आणि अखेरीस स्वतःच्या अंतःकरणावर चालली. तिचा रोख बदलला, धार तीच राहिली. म्हणून गोऱ्ह्यांची नम्रता ही विद्येच्या अभावी आलेली किंवा विद्येला मुरड घालून मिळविलेली नाही. ती विद्येच्या शिस्तीतून निघाली, तिच्याबरोबर वाढली, आणि तिचे व्याधीही तिने अंगावर घेतले. ज्यांना धर्मांतर म्हणजे पूर्वसंस्कारांचा विच्छेद वाटतो त्यांनी, आणि ज्यांना नम्रता म्हणजे बुद्धीचा संकोच वाटतो त्यांनीही, या चरित्राचा पुन्हा विचार करावा, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.